खान्देशातील आमदार-खासदारांना खुले पत्र : स्टेम सेलच्या शिबिरांना आपले नाव देऊ नका, आमच्या मुलांना इन्सुलिन मिळवून द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व माननीय आमदार व खासदार

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात नुकतेच मधुमेहमुक्तीचे शिबिर झाले. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, टोचून मधुमेह मुळापासून बरा करतो आणि इन्सुलिनची सुई कायमची सुटते, असे त्याच्या फलकावर लिहिलेले होते. त्या मजकुराच्या वर आपल्यापैकी एका लोकप्रतिनिधींचे हात जोडलेले छायाचित्र होते आणि उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण हे पत्र एका व्यक्तीविरुद्ध लिहिलेले नाही. आरोग्याच्या कोणत्याही फलकावर छायाचित्र देण्यापूर्वी चौकशी करण्याची पद्धतच आपल्याकडे नाही, ही माझी तक्रार आहे. आम्ही काही पालक त्यांना भेटलो, तेव्हा ‘लोकांचा फायदा होत असेल तर आपण आड कशाला यायचे’ असे उत्तर मिळाले. यात लोकांचा फायदा होत नाही, जिवावर बेतणारा अपाय होतो, आणि तो कसा होतो हे मला आपणा सर्वांपुढे जनतेच्या साक्षीने मांडायचे आहे.

मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या मुलीला आठव्या वर्षी टाईप वन मधुमेह निघाला; आता ती दहावीत आहे. तिला दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी बोटातून रक्त काढून साखर मोजावी लागते. भाकरी किती खाल्ली, शाळेतून सायकलने आली की बसने, ताप आहे की नाही, या प्रत्येक गोष्टीवर इन्सुलिनची मात्रा ठरते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वीजही जाते. अशा वेळी इन्सुलिनची कुपी आम्ही छोट्या मडक्यात ठेवतो, ते मडके ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात बसवतो, वरून ओले फडके टाकतो आणि वाळू सुकू नये म्हणून रात्री उठून पाणी शिंपडतो. ही युक्ती डॉक्टरांनीच शिकवलेली आहे आणि ती उपयोगी पडते. सुई सुटणार असे कोणी म्हटले तर आमच्या घरात काय होत असेल, याची कल्पना आपण यावरून करावी.

शिबिरात सर्वांना एकच गोष्ट सांगितली गेली, म्हणून आजाराविषयी आधी थोडे लिहिते. चाळिशीनंतर दिसणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करते, परंतु ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. टाईप वन हा वेगळा आजार आहे. यात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना परके समजून नष्ट करते. हा आजार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो. त्यात आईवडिलांची चूक नसते, जास्त गोड खाण्याचाही संबंध नसतो. अशा मुलाचे इन्सुलिन बंद झाले तर शरीर चरबी जाळू लागते, रक्त आम्लधर्मी होते आणि मूल काही दिवसांत, कधी एका दिवसातही, दगावू शकते. गोळ्या, काढे, पथ्य, व्यायाम यांपैकी काहीही इन्सुलिनच्या जागी चालत नाही.

नष्ट झालेल्या बीटा पेशी प्रयोगशाळेत नव्याने घडवता येतील का, या प्रश्नावर जगात खरोखर मोठे काम झालेले आहे आणि मी ते वर्षानुवर्षे वाचत आले आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले, पुढच्या वर्षी तेच माणसाच्या पेशींबाबत साधले, आणि २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन बेडकांच्या वाढीवर संशोधन करीत होते. १९९१ मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाला टाईप वन निघाला आणि त्यांनी आपले सारे काम या आजाराकडे वळवले. पुढे त्यांच्या मुलीलाही हाच आजार झाला. मूलपेशींपासून साखरेला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या संख्येने तयार करण्याची रीत त्यांच्या गटाने प्रसिद्ध केली ती २०१४ मध्ये. प्रयोगशाळा, पैसा, मनुष्यबळ आणि घरात आजारी मूल असलेल्या बापाची तळमळ एवढे सगळे असूनही या कामाला दोन दशकांहून अधिक काळ लागला, हे आपण कृपया लक्षात ठेवावे.

ही रीत सोपी नाही. गर्भात स्वादुपिंड ज्या क्रमाने घडते तोच क्रम काचेच्या भांड्यात घडवून आणावा लागतो. मूलपेशीला आधी पचनसंस्थेच्या मूळ थराची पेशी बनवतात, मग स्वादुपिंडाची पूर्वपेशी, मग संप्रेरके तयार करणारी पूर्वपेशी आणि शेवटी बीटा पेशी. प्रत्येक टप्प्यावर ठराविक द्रव्ये ठराविक दिवशी घालायची आणि ठराविक दिवशी काढून घ्यायची असतात. यात कित्येक आठवडे जातात. मूलपेशी अर्धवट अवस्थेत राहून गेली तर तिची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून शेवटी पेशींची कसून तपासणी होते. त्यानंतरच पेशींचे पुंजके यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून रुग्णाच्या शरीरात सोडतात.

अशा पेशी २०२१ मध्ये अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीत पहिल्या रुग्णाला देण्यात आल्या. या चाचणीचे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचताना माझे डोळे भरून आले होते. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन टोचावे लागत नव्हते. चीनमध्ये तिआनजिन येथे २०२३ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून बीटा पेशी असलेले पुंजके तयार करून तिच्या पोटाच्या स्नायूंजवळ बसवण्यात आले आणि अडीच महिन्यांत तिचे इन्सुलिन सुटले. हे सर्व खरे आहे. त्याच निबंधांत पुढचे जे लिहिलेले आहे, तेही तितकेच खरे आहे. व्हर्टेक्सच्या चाचणीतील रुग्ण प्रौढ होते आणि साखर अचानक धोकादायकरीत्या उतरण्याचा त्रास त्यांना वारंवार होत असे. नव्या पेशी शरीराने पुन्हा नष्ट करू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. चाचणीच्या काळात दोन रुग्ण मरण पावले. त्यांचे मृत्यू नव्या पेशींमुळे झाले नाहीत. मात्र एकाचा मृत्यू मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने झाला आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला असाच धोका असतो. चीनमधील तरुणी यकृत प्रत्यारोपणामुळे अशी औषधे आधीपासूनच घेत होती. म्हणूनच जगातील जबाबदार डॉक्टर लहान मुलांना आज हा उपचार देत नाहीत, आणि भारतात तर पैसे मोजून घेता येईल असा मूलपेशींचा कोणताही मान्यताप्राप्त उपचार टाईप वनसाठी उपलब्ध नाही.

या पार्श्वभूमीवर मंगल कार्यालयात काय सांगितले गेले ते पाहा. कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून थोडा द्रव काढायचा, तो यंत्रात फिरवायचा आणि त्याच दिवशी पुन्हा शिरेत टोचायचा. अशा पेशींपासून शरीरात बीटा पेशी तयार होतात याला पुरावा नाही. अमेरिकेतील ज्या संशोधनाची बातमी शिबिरात पडद्यावर दाखवली गेली, त्या संशोधनाशी या प्रक्रियेचा काहीही संबंध नाही. नाव तेवढे सारखे आहे आणि त्याच नावावर पैसे घेतले जातात. बोगस कापूस बियाण्याचे पाकीट नामांकित कंपनीच्या नावाने विकले गेले की आपण विधानसभेत आवाज उठवता आणि गुन्हे दाखल करायला लावता. येथे फसवणूक त्याच प्रकारची आहे, फक्त शेतकऱ्याच्या हंगामाऐवजी त्याचे मूल पणाला लागलेले आहे.

आता माझ्या तक्रारी क्रमाने सांगते.

पहिली तक्रार कायद्याच्या अंमलबजावणीची आहे. औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालापासून आहे. ज्या आजारांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या ठराविक आजारांसाठी होणारे मूलपेशी प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा इतर वापर केवळ परवानगी घेतलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो. चाचणी असेल तर रुग्णाकडून तिचे पैसे घेणे संशोधनाच्या नीतीत बसत नाही. एवढे सगळे लिहिलेले असताना तो फलक बसस्थानकासमोर दिवसाढवळ्या उभा होता. आम्ही लेखी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा एका कार्यालयाने आम्हाला दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे सांगितले. फलकावर आपल्यापैकी एकाचे छायाचित्र असताना खालचा कर्मचारी त्याला हात लावायला धजत नाही, हे आपणही जाणता.

दुसरी तक्रार एका मुलाविषयी आहे. शेजारच्या गावातील केळी उत्पादक कुटुंबातला हा बारा वर्षांचा मुलगा माझ्या मुलीसारखाच टाईप वनचा रुग्ण आहे. त्याच्या आजीने शिबिरातल्या माणसाला एवढेच विचारले होते, ‘मना नातू बरा व्हई ना?’ ‘शंभर टक्के’ असे उत्तर मिळाले. केळीच्या कापणीचे आलेले पैसे आणि वर सोसायटीचे कर्ज मिळून तीन लाख रुपये त्या कुटुंबाने भरले. पावती मी स्वतः पाहिली आहे. तिच्यावर स्टेम सेलचा उल्लेख नाही, मधुमेहाचा नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नाही. ‘वेलनेस पॅकेज’ एवढेच लिहिले आहे. नव्या पेशी कामाला लागाव्यात म्हणून इन्सुलिन निम्मे करा आणि मग हळूहळू थांबवा, असे त्यांना सांगण्यात आले. काही दिवसांत मुलाला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, तो धाप लागल्यासारखा खोल श्वास घेऊ लागला आणि त्याच्या तोंडाला सडलेल्या फळासारखा वास येऊ लागला. घरच्यांना वाटले की पेशी लागू पडताना असे होत असेल. त्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. मुलगा वाचला, याबद्दल मी त्या विभागातील डॉक्टरांची आणि परिचारिकांची ऋणी आहे. त्या कुटुंबाला अडाणी म्हणून कोणी हसू नये. त्यांनी फलकावरच्या छायाचित्रावर विश्वास ठेवला, आणि ज्याला आपण मत दिले त्याच्यावर विश्वास ठेवणे हा काही गुन्हा नाही.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे, कारण खोटा उपचार जिथे खपतो तिथे खरा उपचार मिळण्याची मारामार असते. इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा टोरांटोतील एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आमच्या भागातील ग्रामीण रुग्णालयात गेले तर कधी कुपी असते आणि कधी ‘पुढच्या महिन्यात या’ असे ऐकावे लागते. असते तेव्हाही बहुधा ३०/७० हे मिश्र इन्सुलिन असते. मोठ्या माणसांना ते चालू शकते, परंतु वाढत्या मुलाला जेवणाआधीचे जलद आणि दिवसभर पुरणारे संथ असे दोन्ही इन्सुलिन वेगवेगळे लागते. साखर मोजण्याच्या पट्ट्या मिळतच नाहीत. बाजारात एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडते आणि दिवसाला चार तरी लागतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रोजगारासाठी गुजरातेत जाणाऱ्या आईबापांनी हा खर्च कुठून करावा? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मदत मूल बेशुद्ध होऊन दाखल झाल्यावर मिळते. ते बेशुद्ध होऊ नये म्हणून रोज लागणाऱ्या इन्सुलिनसाठी मिळत नाही.

साठवणुकीचेही असेच आहे. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. आरोग्य केंद्रातील शीतपेटी लसींसाठी राखीव असते आणि तीत दुसरे औषध ठेवू देत नाहीत; तो नियम योग्यच आहे. मग इन्सुलिनसाठी वेगळा फ्रीज आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी हवी. ती नसल्यामुळे उन्हाळ्यात मिळालेल्या कुपीत जोर उरला आहे की नाही, हे आम्हाला मुलाची साखर चढल्यावर कळते.

चौथी बाब छोटी वाटेल, पण जिवावर बेतू शकते. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले, असते आणि पेनमधील १०० युनिटचे. या दोन तीव्रतांसाठी सिरिंज वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी. ४० युनिटची कुपी देऊन हातात नारिंगी टोपणाची सिरिंज दिली, तर मूल समजते त्याच्या निम्म्याहूनही कमी इन्सुलिन शरीरात जाते. उलट झाले तर अडीचपट जाते आणि मूल झोपेतच बेशुद्ध पडू शकते. ही गल्लत मी औषधांच्या दुकानात झालेली पाहिली आहे. टोपणाचा रंग ओळखायला आईबापांना कोणीतरी शिकवले पाहिजे, आणि ते शिकवणारे माणूस आज तालुक्याच्या ठिकाणी नाही.

शेवटची तक्रार अशी की तिन्ही जिल्ह्यांत टाईप वनची मुले किती आहेत, याची गावनिहाय यादी आम्हाला कुठेही मिळाली नाही. निदान न होताच गेलेल्या मुलांची नोंद पोटाचा विकार, मेंदूज्वर किंवा विषमज्वर अशी होत असेल, तर ती मुले कोणत्याही आकड्यात येत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

मधुमेह किंवा अन्य कोणताही दीर्घ आजार मूलपेशींनी बरा करण्याचा दावा करणाऱ्या शिबिराला आपण सर्वांनी, पक्ष कोणताही असो, नाव, छायाचित्र आणि उपस्थिती देऊ नये, आणि तसे जाहीर निवेदन काढावे. आरोग्य शिबिराच्या निमंत्रणासोबत डॉक्टरांची नोंदणी आणि, प्रयोग असेल तर, वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांक मागून घेण्याची सूचना आपल्या स्वीय सहायकांना द्यावी.

आमदारांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा की १९५४ च्या या कायद्याखाली जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये मधुमेहाच्या जाहिरातींविरुद्ध किती कारवाया झाल्या, आणि मूलपेशींच्या नावाने पैसे घेणारी केंद्रे तपासण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याची आहे. खासदारांनी टाईप वनच्या मुलांना लागणारे इन्सुलिन आणि पट्ट्या राष्ट्रीय कार्यक्रमातून नियमित व पुरेशा पुरवण्याचा प्रश्न लोकसभेत मांडावा.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत तिन्ही जिल्ह्यांसाठी या मुलांच्या औषधांची स्वतंत्र तरतूद करून घ्यावी. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात जलद आणि संथ असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन, त्याला जुळणाऱ्या सिरिंज आणि प्रत्येक मुलामागे दिवसाला किमान चार पट्ट्या बारा महिने मिळाव्यात, तसेच बॅटरीवर चालणारा फ्रीज असावा. केरळ सरकारची ‘मिठाई’ ही योजना टाईप वनच्या मुलांना इन्सुलिन, पेन आणि साखर सतत मोजणारी उपकरणेही मोफत देते, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी आम्हाला सांगू नये.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आठवड्यातून एक दिवस टाईप वनचे बाह्यरुग्ण केंद्र चालवावे, प्रशिक्षित परिचारिका नेमावी आणि मुलांची नोंदवही ठेवावी. त्याच केंद्रात मूलपेशींच्या संशोधनाची खरी स्थिती मराठीत आणि अहिराणीत सांगणारे पत्रक मिळावे. जगात कोणती चाचणी सुरू आहे, ती कोणासाठी आहे, भारतात परवानगी कशाला आहे आणि कशाला नाही, हे पालकांना शासकीय डॉक्टरांच्या तोंडून कळले पाहिजे. उद्या हा उपचार खरोखर सिद्ध होऊन भारतात आला, तर ज्या मुलांची साखर नियंत्रणात आहे आणि डोळे व मूत्रपिंडे शाबूत आहेत, त्यांनाच त्याचा पुरेपूर लाभ घेता येईल. ती शाबूत राहावीत म्हणून आज इन्सुलिन हवे.

त्या बारा वर्षांच्या मुलाच्या कुटुंबाचे तीन लाख रुपये परत मिळावेत यासाठी त्यांच्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधींनी स्वतः पोलिसांत तक्रार करायला त्यांच्यासोबत जावे. पावतीची प्रत, फलकाचे छायाचित्र आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड त्या कुटुंबाच्या संमतीने आमच्याकडे जपून ठेवलेले आहे. आपण बोलवाल त्या दिवशी ही कागदपत्रे घेऊन आम्ही पालक आपल्या कार्यालयात येऊ. या पत्राचे उत्तर आपण लेखी आणि जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपली,
टाईप वन मधुमेह असलेल्या मुलीची आई, माध्यमिक शिक्षिका
चोपडा तालुका, जिल्हा जळगाव